डोळ्याला आधी काही झालं होतं का?

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एकच दुकान, भिंतीला भिंत लागून घरं, आपल्याला पत्र लागणार होतं कशाला? जे बोलायचं ते आपण करवतीच्या आवाजावर ओरडून बोललो आणि जे बोलायचं नव्हतं ते त्याच आवाजाखाली दाबून टाकलं. आता तू गप्प झाला आहेस आणि बोलायची पाळी माझी आहे. अतिदक्षता विभागाच्या बाहेर जे बाक आहे त्यावर बसून लिहितोय. ज्याने कुणी हे बाक केलं त्याने पाठीची फळी अगदी सरळ ठोकली आहे, टेकणाऱ्याचा विचारच केलेला नाही. मी हे बोलून दाखवलं असतं तर तू म्हणाला असतास, "अरे, इथे आरामाला येतंय कोण?"

आधी तुझी खबर तुलाच सांगतो. हृदय आता नीट चाललं आहे. प्रश्न डोक्याचा आहे. हृदय बंद पडलं त्या वेळात मेंदूला रक्त किती कमी पडलं, हे अजून कुणाला सांगता येत नाही. झोपेची औषधं बंद केली आहेत, पण ती अंगातून पुरती उतरायला वेळ लागतो. तोवर डॉक्टर कसलंच भाकीत करायला तयार नाहीत. वहिनींचा भाऊ त्यांना म्हणाला, "साहेब, नुसतं हो की नाही तेवढं सांगा." डॉक्टर म्हणाले, "घाईने सांगितलेलं 'नाही' मी एकदा पाहिलंय. आता मला घाई नाही." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेच डॉक्टर आहेत दादा. मला तपासणारे.

तुझ्या छातीवर जी काळीनिळी खूण आहे ना, ती माझ्या हाताची आहे. तू तुझ्या टेबलावर डोकं टेकवून बसला होतास. हिशोब बघत असशील म्हणून मी आधी दुर्लक्षच केलं. मग तू खुर्चीवरून घसरलास. दारं न्यायला आलेलं गिऱ्हाईक फोनवर रुग्णवाहिकेच्या माणसाशी बोलत होतं आणि मला ओरडून सांगत होतं, "छातीच्या मधोमध दाबा! जोरात! थांबू नका!" मी दाबत राहिलो. ओली फांदी मोडावी तशी तुझी बरगडी मोडली, तो आवाज मी हाताने ऐकला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट आणखी जोर आला. गाडी येईपर्यंत मी तुला दाबत होतो आणि तोंडाने एकच म्हणत होतो, "असा नाही जायचास, असा नाही जायचास." गिऱ्हाइकाचे डोळे भरून आले. बाहेर जाऊन त्याने साऱ्या गल्लीला सांगितलं की भाऊ असावा तर असा.

कसा भाऊ, ते तुला आणि मला माहीत आहे.

गेल्या वर्षी मी बांधकामाच्या पायाडावरून पडलो आणि याच विभागात येऊन निजलो. ते दिवस माझ्या आठवणीत नाहीत. कुणी म्हणतं बेशुद्धीत माणसाला उजेड दिसतो, कुणी म्हणतं गेलेली माणसं भेटतात. मला काही दिसलं नाही. रंधा मारल्यावर फळी जशी कोरी होते तसं कोरं. त्यामुळे त्या दिवसांत काय घडलं ते मी इतरांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी जमवलं. इथली पद्धत अशी की डॉक्टर घरातल्या एकाच माणसाशी बोलतात. तू पुढे झालास. माझ्या बायकोला म्हणालास, "तू बस गं बाहेर, तुला नाही झेपायचं. मी आहे ना." ती बसली. थोरल्या दिरापुढे ती कधी बोलली नव्हती. ती याच बाकावर बसली असणार.

आत डॉक्टरांनी तुला सांगितलं की डोक्यात सूज आहे, हाक मारली तर दाद नाही, चिमटा घेतला तर फारशी हालचाल नाही. एवढ्यावरून काही नक्की म्हणता येत नाही, पण डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे आणि बॅटरी मारली तरी आकसत नाही, ही खूण वाईट. आणि मग त्यांनी तुला विचारलं, दादा. त्यांनी नीट, मराठीत, तुझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "यांच्या डोळ्याला आधी काही झालं होतं का? लहानपणी मार, ऑपरेशन, काही?"

तू म्हणालास, "नाही."

त्या डोळ्याचं सगळ्यात जास्त कुणाला माहीत असेल तर तुला. आवळ्याच्या झाडावर तू दगड मारत होतास आणि मी पलीकडे आवळे वेचत होतो. मला अजून तो दगड दिसत नाही, फक्त त्याच्यानंतरचा पांढरा झोत दिसतो. तू मला पाठुंगळीला मारून घरी आणलंस आणि वाटेत पढवलंस, "काट्यांत पडलो म्हणून सांग. दगडाचं बोललास तर आप्पा मला सोलून काढतील." मी तसंच सांगितलं. सहा-सात वर्षांच्या पोराला मोठा भाऊ म्हणजे अर्धा देव. पण त्या दिवशी सरपणाला मला आईने पाठवलं होतं. तिने तो काटा आपल्या जिवाला लावून घेतला. मी जेवायला बसलो की ती माझ्या डाव्या बाजूला बसायची, त्या बाजूचं मला दिसत नाही म्हणून. मोठा झालो, लग्न झालं, तरी बसायची. मरायच्या आधी माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "मी तुला त्या दिवशी पाठवायला नको होतं रे." तू उशाशी उभा होतास. पाणी पाजत होतास तिला. तुझा हात जरासुद्धा हलला नाही, एक थेंब सांडला नाही. मी तेव्हाही बोललो नाही. मला वाटलं, तू बोलशील.

तर तू डॉक्टरांना "नाही" म्हणालास. त्यांनी त्यावर पुढचं सगळं बांधलं. बाहुली आत्ताच बिघडली असेल तर मेंदू आतून दाबला गेलाय, मग आशा फार थोडी. ते म्हणाले, अशा वेळी घरच्यांनी ठरवायचं असतं, यंत्रावर ठेवायचं की त्रास न देता जाऊ द्यायचं. तू विचाराला वेळसुद्धा मागितला नाहीस. "तो हाताचा माणूस आहे साहेब. अंथरुणात पडून नाही जगायचा. जाऊ द्या त्याला." ऐकणाऱ्याला वाटलं असेल, किती समजूतदार माणूस!

मला वाचवलं ते माझ्या बायकोच्या भित्रेपणाने. आत जायची तिला भीती, म्हणून ती दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या परिचारिकेला विचारायची, "ताई, कसे आहेत?" त्या दिवशी परिचारिका म्हणाली, "डोळ्याची बाहुली हलत नाही हो, म्हणून मोठ्या साहेबांनी आशा सोडलीय." ही म्हणाली, "कुठला डोळा? डावा? अहो, तो तर माझ्या लग्नाआधीपासून तसाच आहे!" परिचारिका जागच्या जागी थांबली. "पण त्यांचे मोठे भाऊ तर नाही म्हणाले." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, ही तुला ओलांडून आत गेली. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, असं ती सांगते. यंत्र तसंच ठेवलं, डोक्यातली सूज उतरू दिली, झोपेची औषधं उतरू दिली. आणि मी डोळे उघडले. एक बघणारा, एक न बघणारा.

मी शुद्धीवर आल्यावर तू माझा हात धरून रडलास. देव पावला म्हणालास. दुकानात येईल त्याला सांगत सुटलास, "डॉक्टरांनी हात टेकले होते, मी हट्ट धरला म्हणून वाचला." मी काठी टेकत दुकानात आलो तेव्हा तू हे माझ्यासमोरच एकाला सांगितलंस आणि वर मलाच विचारलंस, "काय रे, खरं की नाही?" मी मान हलवली. पण माझं लक्ष माझ्या जागेकडे होतं. उजेडाच्या खिडकीखालचं माझं कामाचं बाकडं मागे शौचालयाच्या भिंतीला गेलं होतं आणि त्या जागी काचेचं टेबल आलं होतं, गिऱ्हाइकांना बसवायला. सुताराच्या दुकानात विकतचं टेबल! खिडकीच्या कोनाड्यात ते नखभरसुद्धा फट न ठेवता बसलं होतं. तशी टेबलं तयार मिळत नाहीत. माप द्यावं लागतं, थांबावं लागतं. मी एका डोळ्याने फळीची कड बघून सांगतो कुठे किती वाक आहे. मला काय कळणार नाही, तू ते माप कधी दिलं असशील?

तेव्हापासून मी तुझ्यावर टपून आहे, दादा. शब्द वाईट आहे, पण दुसरा सापडत नाही. रोज सकाळी देवापुढे बसतो, डोळे मिटतो आणि तुझं तोंड दिसतं. मी देवाकडे तुझं आयुष्य मागतो. का मागतो ते त्याला सांगत नाही. त्याला कळत असावं, कारण तो अजून माझ्याकडे बघून हसलेला नाही. मी ठरवलं होतं, सगळ्यांदेखत विचारीन. तुझ्या सुनेदेखत, जावयादेखत, ज्या गिऱ्हाइकांना तू माझ्या वाचण्याची गोष्ट सांगतोस त्यांच्यादेखत. वेळ बघत होतो. आणि तू आपला मध्येच खुर्चीवरून घसरलास. लहानपणी खेळात हरायला लागलास की पोटात दुखतंय म्हणून घरी पळायचास, तसा.

आता डॉक्टरांशी बोलायचं काम वहिनींनी माझ्यावर सोपवलंय. "भावजी, तुम्हीच बोला, मला नाही झेपत." आत गेलो तर डॉक्टरांनी बसवून एकेक विचारलं. कान कसे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, कुठल्या हाताने काम करतात, आधी काही इजा. म्हणाले, "तुमच्यानंतर हे मी एकाला विचारून थांबत नाही, घरातल्या दोघातिघांना विचारतो." मी खरं तेच सांगितलं. पण सांगण्याआधी जरा थांबलो. एक घोट पाणी प्यायलो. तेवढ्या वेळापुरता तुझा जीव माझ्या जिभेवर होता. फार बरं वाटलं, दादा. लाज वाटेल असं वाटलं होतं, ती काही आली नाही.

काल वहिनींचा भाऊ म्हणाला, "कशाला हाल करायचे? सोडवा त्यांना." वहिनीही मान खाली घालून रडत होत्या. मी म्हणालो, "डॉक्टर स्वतः सांगत नाहीत तोवर या यंत्राला कुणी हात लावायचा नाही." सगळे माझ्याकडे देवमाणूस असल्यासारखं बघायला लागले. त्यांना वाटतं ही भावाची माया आहे. तुला असं हळूच सुटू द्यायला मी काय वेडा आहे?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. डॉक्टर म्हणालेत, औषध उतरत आलंय, तर घरच्या माणसाने रोज कानाशी बसून बोलावं, ओळखीच्या आवाजाला काही दाद येते का ते त्यांना पाहायचंय. वहिनी तुला नातवंडांच्या गमती सांगतात, लेक भजन म्हणते. तू ढिम्म आहेस. आज दुपारच्या भेटीला माझी पाळी आहे, आणि मी हे कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुला वाचून दाखवणार आहे, मोठ्याने. वहिनी उशाशी असतील, लेक असेल, डॉक्टर पडद्यावरचे आकडे बघत असतील. त्यांना दगड कळेल, आईचं कळेल, टेबल कळेल. तू आत कुठे असशील तर एवढं ऐकून स्वस्थ पडून राहणार नाहीस, मी तुला ओळखतो. वाचून झालं की तुझ्या उजव्या हाताखाली माझा हात ठेवीन आणि एकच विचारीन. त्या डोळ्याचं कुणापुढे काढायचं नाही, असं आईने आपल्याला लहानपणापासून बजावलं होतं, माझं लग्न मोडेल म्हणून. त्या जुन्या सवयीने तुझ्या तोंडून "नाही" निघालं, की तुला मी जायलाच हवा होतो? सवय असेल तर बोट हलव. खोटं असलं तरी हलव. उठून माझ्या तोंडावर खोटं बोल, शिव्या दे, मी तयार आहे. पण न बोलता गेलास, तर देवाच्या दारातही तुला गाठून हेच विचारीन.

तुझ्या उत्तरासाठी तुझा हात धरून बसलेला,
तुझाच,
धाकटा