एक माळ म्हणजे दोन मिनिटे

॥ श्री ॥

सोमवार, १८ नोव्हेंबर. संकष्टी.
आज आले: इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची कार्डे, झेरॉक्स, साठ नग, रु. १४५. दोनशे पानी वही रु. ६०. साबुदाणा अर्धा किलो, दाणे पाव किलो, मिळून रु. ८०. पल्लवीने क्लासची फी तिच्या पगारातून भरली. आकडा सांगत नाही, मीही विचारला नाही.
आयर्लंडला नर्स म्हणून जायचे तर इंग्रजीच्या चार परीक्षा. वाचणे, लिहिणे, ऐकणे सूनबाईला जमते. बोलण्यात नऊपैकी सात बँड हवेत, तिथे अडते. घरी सरावाला समोर कुणीतरी बसायला हवे. म्हणाली, "आई, तुम्ही परीक्षक व्हाल?"
म्हटले, अगं मॅट्रिकला इंग्रजीत मला एक्केचाळीस होते.
"परीक्षकाला फार बोलायचं नसतंच. कार्ड वाचायचं, वेळ बघायची, शेवटी थँक यू."
एवढे जमेल.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
कार्डांखाली पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून घेतले. बारा झाली, डोळे दुखू लागले.
नियम असा. कार्ड दिले की एक मिनिट विचार. मग दोन मिनिटे बोलणे. मधे परीक्षकाने हूं की चूं करायचे नाही, मान डोलवायची नाही. दोन मिनिटे झाली की हात वर करून थांबवायचे.
मोबाईलवर वेळ लावायला शिकवले, पण मधेच पडदा काळा होतो. त्यापेक्षा माळ बरी. ताडून पाहिले: एक माळ श्रीराम, माझ्या चालीने बरोबर दोन मिनिटे. तीनदा पाहिले, तीनदा तेच. कामही होते, नामही होते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
सकाळपाळी असली की पल्लवी तीनला येते, चारला आम्ही ओट्याशेजारी टेबलावर बसतो. कालपर्यंत ठीक. आवडते फळ, शाळा, बाजार. आज कार्ड निघाले, घरातल्या एका माणसाविषयी सांगा. तोंड उघडले, शब्द नाही. सबंध माळ संपली. मी नियमाप्रमाणे थँक यू म्हटले.
उठून भांडी घासायला लागली. बाई येऊन गेली होती, भांडी घासलेलीच होती.
क्लासमध्येही मागच्या आठवड्यात असेच झाले म्हणे. रडली सगळ्यांसमोर. सर बिचारे पंखा वाढवत राहिले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर. एकादशी.
सरांनी तोडगा सांगितला. परीक्षक खरे-खोटे तपासत नाही, भाषा तपासतो. एकच गोष्ट घोटून तयार करायची आणि कुठलेही कार्ड आले तरी तिलाच वळण देऊन बसवायची.
मला पटले नाही. परीक्षेत का होईना, खोटे बोलायचे?
"आई, ते काय शपथेवर विचारत नाहीत."
चारला बसलो. कार्ड होते, दिवसातली तुमची आवडती वेळ. एक मिनिट डोळे मिटून बसली आणि सुरू झाली. एकदाही अडखळली नाही. साधेच इंग्रजी होते, मला बरेचसे कळले. संध्याकाळचे आठ. खाली मोटारसायकल थांबते. माझा नवरा खराडीला नोकरीला आहे. तो दोन दोन पायऱ्या एकदम चढतो. बेल वाजवत नाही, दारावर टकटक करतो. आल्या आल्या म्हणतो, आई, भूक.
हात वर करायचे भान राहिले नाही. माळ संपून मेरूमणी कधीच बोटाला लागला होता.
थँक यू म्हटले. तिने कार्ड पालथे ठेवले. दोघी उठलो, मी वऱ्याचे तांदूळ टाकले. निलेशला जाऊन पौषात दोन वर्षे होतील. त्या दिवशीही आठलाच यायचा होता. खराडीहून निघाला, एवढाच शेवटचा फोन.

रविवार, १ डिसेंबर
गोष्ट सगळ्या कार्डांना बसते. भेटवस्तू: त्याने आणलेली शाल. आवडता पदार्थ: तो उभ्यानेच खातो ती फोडणीची पोळी. मित्र, प्रवास, सवय, कुठलेही कार्ड द्या, आठ वाजता निलेश घरी येतोच.
समोरच्या कुलकर्णीबाई दारात. "काय हो, सुनेला परदेशी धाडायला सासूच शिकवणी घेते, हे मी पहिल्यांदाच बघतेय."
म्हटले, "तुम्ही फी भरा, तुम्हालाही घेते."
गेल्या. दार लावल्यावर पल्लवी हसली. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने.

शुक्रवार, ६ डिसेंबर
सकाळी पूजा करताना ध्यान नाही. चार कधी वाजतात याकडे लक्ष.
आज म्हणाली, हल्ली माझ्या नवऱ्याचं पोट सुटलंय, आई म्हणते डब्यातला भात कमी कर, तो ऐकत नाही.
कधी म्हटले मी असे? किडकिडीत होता. पण तेहतिसावे लागले असते आता. सुटलेही असते.
लिहिते, कारण इथे खोटे लिहीत नाही. आज माळ हळू ओढली. मुद्दाम. तो जेवायला बसला होता, त्याला अर्ध्या घासावरून उठवणे जिवावर आले. एक मणी, मग थांबायचे, मग दुसरा. नाम रामाचे आणि लक्ष त्याच्या ताटाकडे.

सोमवार, ९ डिसेंबर
पुन्हा तेच. अंदाजे तीन मिनिटे झाली असतील, जास्तच. आज तो जेवून गॅलरीत गेला, खालच्या चहावाल्याशी वरूनच क्रिकेटचे बोलला, आत येऊन टीव्हीसमोर झोपला. मी अंगावर पांघरूण घातले असे तिने सांगितले.
पल्लवी फार छान बोलू लागली आहे. हे मला कळते. सात मिळतील. मिळाले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत जाईल. मूलबाळ नाही, आमच्यात बांधणारे असे काही उरलेले नाही. तिने कायमचे इथे का राहावे? एकतीस वय. मीच पहिल्यांदा म्हटले होते, फॉर्म भर. तेव्हा खरेच म्हटले होते.
हे असते तर काय म्हणाले असते? हे असते तर मी वहीत कशाला लिहिले असते.

शनिवार, १४ डिसेंबर. दत्तजयंती. परीक्षा.
पहाटे उठून दही-साखर हातावर दिली. ती रिक्षाने गेली, मी देवळात. सुंठवडा घेऊन एकला परत.
पल्लवी चारला आली. चप्पल न काढताच बसली.
परीक्षक बाई होत्या, चांगल्या होत्या. कार्ड निघाले, तुम्हाला ऐकायला आवडणारा आवाज. मनासारखे! मोटारसायकलीच्या आवाजापासून सुरू केले. छान चालले होते. तो जिन्यात होता आणि बाईंनी हात वर केला. थँक यू. दोन मिनिटे झाली.
"आई, तो अजून दारापर्यंत आला नव्हता."
पुढे बाईंनी शहरातल्या गोंगाटाविषयी साधे प्रश्न विचारले. हिला एकही वाक्य धड जुळवता आले नाही. बाईंनी पाणी दिले म्हणे.
मी सुंठवडा पुढे केला. हातात घेतला, तोंडात टाकला नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर
निकाल. वाचणे साडेसात, ऐकणे आठ, लिहिणे सात. बोलणे सहा.
मोबाईल पालथा घातला आणि म्हणाली, "झालं. नाही जायचं मला. इथेच राहते तुमच्याजवळ."
माझ्या मनात पहिल्यांदा काय आले? बरे झाले.
हे आले. तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि आत हे चालले होते.

बुधवार, २५ डिसेंबर
देवापुढे बसले, माळ हातात घेववेना. तशीच उठले. नुसते फूल वाहिले.

गुरुवार, २६ डिसेंबर
पल्लवीची दुपारपाळी होती, जाण्याआधी सांगून टाकले. म्हटले, तुझे सहा माझ्यामुळे. मी माळ हळू ओढायचे. तुला तीन-तीन मिनिटांची सवय मी लावली.
डबा भरत होती. वळली नाही.
"माहीत होतं. घड्याळ तुमच्या मागच्याच भिंतीवर आहे, आई. तुम्हाला दिसत नसलं तरी मला दिसत होतं."
मग बोलली का नाहीस?
"काय बोलू? थांबवा म्हणू?" डब्याचे झाकण लागत नव्हते, दोनदा आपटले. "क्लासमध्ये सर थांबवायचे तर मला राग यायचा त्यांचा. घरी यायची ती चारसाठीच."
मी म्हटले, मीही.
तिने डबा पिशवीत घातला. मग ती म्हणाली, "असं नाही चालायचं हो, आई. असं करत राहिलो तर मी तिकडेही जाणार नाही आणि इथेही नीट राहणार नाही." आणि बस चुकेल म्हणून निघाली.

शुक्रवार, २७ डिसेंबर
पल्लवी रजा घेऊन वाशीमला माहेरी गेली. रात्रीची बस. पोळ्या, चटणी बांधून दिली. निघताना वाकून नमस्कार केला. म्हणाली, "तुम्ही फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की मी लगेच ठरवून टाकीन, मग ते माझं ठरवणं होणार नाही. मीच करीन."
हो म्हटले.

सोमवार, ३० डिसेंबर
फोन नाही. पोचल्याचा निरोप तिच्या भावाने दिला तेवढाच.
एकटीपुरता स्वयंपाक करता येत नाही अजून. वरण उरले, सकाळी थालीपिठात घातले. क्लासवाल्यांचा फोन आला, पुढच्या परीक्षेचा अर्ज दहा जानेवारीपर्यंत. मॅडमना कळवा, म्हणाले. कशी कळवू? शब्द दिला आहे.
चार वाजता सवयीने टेबलाशी जाऊन बसले. एक कार्ड काढून मोठ्याने वाचले. समोर कोणी नाही. मलाच उत्तर द्यावे लागले. माय नेम इज, एवढे आले, पुढचे आले नाही.

गुरुवार, २ जानेवारी
फोन नाही. सहा दिवस झाले. परवा पौष लागला.
सकाळी पोस्टात जाऊन दोन पाकिटे, तिकिटे, स्पीडपोस्ट. किती झाले ते पावतीवर आहे. पत्र असे घातले. नक्कल ठेवते. सुरुवातीला चि.पुढे सौ. लिहायला पेन गेले होते, आवरले.

चि. पल्लवी हिस अनेक आशीर्वाद.
फोन करू नका म्हणालीस, म्हणून केलेला नाही. पत्राविषयी आपले काही ठरले नव्हते. तरी तुला हेही चालणार नसेल तर इथेच वाचणे थांबव, मी रागावणार नाही.
परीक्षेचा पुढचा अर्ज दहा तारखेपर्यंत घेणार आहेत. फीची तजवीज मी केली आहे, बांगड्यांना हात लावलेला नाही, काळजी नको. भरायचा की नाही हे तू ठरव. तू जावेस असे मला वाटते आणि तू राहावेस असेही वाटते. दोन्ही खरे आहे, म्हणून माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.
भरायचा ठरला तर गोष्ट दुसरी घेऊ. तुझ्या वॉर्डातले काही सांग, रात्रपाळीचे सांग, तुझे इंग्रजी तिथेही छानच चालेल. वेळ मी मोबाईलवर लावीन, पडदा काळा होऊ न द्यायचे कुलकर्णीबाईंच्या नातवाने शिकवले. मी मधे थांबवीन. थांबवता येईल असे वाटते.
निलेशचे परीक्षकाला सांगायला नको. त्याच्याविषयी बोलावेसे वाटले तर आपण दोघी मराठीत बोलू, तो आता घरी येत नाही हे धरून. मी अजून ते कुणाशी बोललेले नाही. तूही बोलली नसशील.
नाही भरायचा ठरला तरी तसेच लिही, आढेवेढे नकोत. आणि वाशीमलाच राहायचे मनात असेल तर तेही लिही. तुझे कपाट जसेच्या तसे आहे.
सोबत तिकीट लावून, माझा पत्ता घालून पाकीट ठेवले आहे. एक ओळ पुरे. दहाच्या आत मला मिळायला हवे, म्हणून पत्र हाती पडताच उलट टपाली कळव.