पर्वात चालू राहिलेला फ्रीज

२१ ऑगस्ट

सुरू केलं पुन्हा! बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी स्पष्टच सांगितलं — "दीप्ती, वय त्रेचाळीस. तुमच्या स्वतःच्या बीजाचा हा शेवटचा प्रयत्न समजू." रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन, अंडाशयाला कामाला लावायला.

नाही जमलं तर दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं म्हणाल्या. वृषभ लगेच, "चालंल की." चहा नसला तर कॉफी चालेल म्हणावं तसं! निपाणी येईपर्यंत मी गाडीत त्याच्याशी बोलले नाही.

त्याला काय. पण सासूबाई? आक्का भाजीची जुडीसुद्धा कुणाच्या मळ्यातली ते विचारून घेतात. परकं बीज घरात घेतील? सुईला मी भीत नाही. याला भिते.

२२ ऑगस्ट

पाळीचे दिवस, म्हणून बाहेरच्या खोलीत. वृषभ येतो, सुई टोचतो, पुन्हा अंघोळ करतो आणि मगच आत जेवायला. "तुझ्यापायी लई स्वच्छ झालो गं मी!"

हसू आलं. पोटाला दुखलं.

२५ ऑगस्ट

आत आले. पोट जड, डोकं हलकं. कशालाही रडू येतं — आज दूध उतू गेलं तरी.

२७ ऑगस्ट

उद्यापासून दशलक्षण पर्व. आम्हा जैनांकडे पर्वाच्या आदल्या दिवशी फ्रीज रिकामा होतो. धुऊन, पुसून दहा दिवस बंद. शिळं काही ठेवायचंच नाही. सोळा वर्षं बघतेय. तरी डोक्यात आलं नाही!

संध्याकाळी वृषभनं फ्रीज उघडला. आत काहीच नाही. इंजेक्शनचा डबा सापडला न्हाणीघरात — बंबाशेजारच्या फळीवर. सकाळपासून तिथं. डबा गरम लागत होता.

आक्का म्हणाल्या, "औषध म्हणून नीट उंचावर ठिवलं बाई. गार लागतंय व्हय त्येला?"

मी डबा घेऊन खोलीत गेले. बोलले असते तर वाईट बोलले असते. डॉक्टरीणबाई फोनवर — "ती वापरू नका. उद्या नवीन घेऊन जा." आजची सुई चुकली.

२८ ऑगस्ट

वृषभ पहाटे निघून बेळगावहून नवी इंजेक्शनं घेऊन आला, बर्फाच्या डब्यातून. आक्का बस्तीतून, देवळातून आल्या, डब्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या हातानं फ्रीज चालू केला. पर्वात!

मग जवळ येऊन हळूच, "ह्ये कशापासनं करत्यात गं?"

खोटं बोलवेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं — पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढतात.

"म्हंजे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या?"

"व्हय."

"देत्यात खुशीनं?"

"देतात."

आक्कांनी डबा स्वतःच फ्रीजमध्ये ठेवला. "मग जीव न्हाय गेला कुणाचा." आणि एकदम पदर तोंडाला लावून, "अगं, मग आम्ही लई वाया घालवलं की!"

मी पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी.

१ सप्टेंबर

सोनोग्राफी. डाव्या बाजूला काही नाही. उजवीकडे बीजाचा एक फोड. एकच!

"एकही पुरतं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस आडवा-उभा दाटलेला. मी आपली एकाला सांभाळत बसले.

३ सप्टेंबर

बीज काढायला दिलेली भूल उतरली तेव्हा वृषभ माझे पाय चोळत होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. फोडात बीज नव्हतं. पाणी होतं.

"त्या एका दिवसानं झालं का?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "नाही. वयाचं आहे हे."

४ सप्टेंबर

काही नाही लिहायला. आज रडूही आलं नाही.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. आक्कांचा उपवास, तोंडात पाणीसुद्धा नाही. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, मन उतरलं माझ्यावरून. वृषभ म्हणाला, "दुसऱ्या बीजाचं इचारूया का आता?" मी म्हटलं, घरात आधी विचार. "तूच इचार की," म्हणून गेला दुकानात.

७ सप्टेंबर

पारणं झाल्यावर आक्का माझ्या खोलीत येऊन बसल्या. "माझ्यामुळं गेलं तुझं." मी म्हटलं, नाही हो, वयाचं आहे. आणि त्याच दमात विचारून टाकलं — दुसऱ्या कुणाचं बीज चालेल का तुम्हाला?

माझ्याकडे बघतच राहिल्या. "वृषभ तरी कुठं माझ्या पोटचा हाय गं? कोल्हापूरच्या आश्रमातनं आणला. महिन्याचा व्हता. कुणाचा, ते आम्ही इचारलंच न्हाय. त्येनं सांगितलं न्हाय तुला?"

संध्याकाळी तो आला. चपला काढत होता, तेव्हाच विचारलं.

"व्हय की," म्हणाला. "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"