कुसुमची कसम

मंगळवार, १२ जुलै १९८८, नागपूर

ऑफिसच्या नव्या मराठी प्रोग्रामात सहज माझंच नाव टाइप केलं, कुसुम. पडद्यावर आलं कसम! दोन्ही उकार छाटलेले. प्रोग्राम करणाऱ्यानं ओळीची उंची मोजली होती इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून. आपली अक्षरं खालीही उतरतात, हे कुणाला सुचू नये?

साहेब हसले. "कसम! उकार काहून पाहिजे वं? लोकाईले समजते. अक्षर बारीक कर."

डोकंच फिरलं. अक्षर मोठं नाही हो, माप चुकलंय!

डबा तसाच ठेवून 'मूर्ती' शब्दावरून उंची पुन्हा मोजली, वरच्या रफारापासून खालच्या उकारापर्यंत, आणि प्रोग्रामात तेच माप घातलं. कुसुम पूर्ण उमटली.

साहेबांनी पाहिलं. "आता बरोबर. कसम, चहा सांग वं."

नाही सांगितला. माझं नाव पडद्यावर धडधडीत दिसत होतं.