ग्लिसरीन न लागणारी मुलगी

प्रिय आई,

काल तुझं तेरावं झालं, आज मी सेटवर आले. लंच ब्रेक आहे, म्हणून लिहितेय. तू गेल्यापासून मी रडले नाही, हे चारकोपच्या अख्ख्या सोसायटीच्या लक्षात आलंय. मावशी तर तोंडावर म्हणाली, "टीव्हीर धो धो रडतंस, आनि आवशीसाठी दोन टिपां नाय गो?"

कुठून आणू? तूच संपवलीस ना!

सहा वर्षांची होते. पहिली मालिका, रडायचा सीन. मोठ्या नटांना ग्लिसरीन दिलं. मला रडू येईना, तशी तू माझ्या कानात म्हणालीस, "वैशू, बाबा गेले गं." मी अशी फुटले की युनिटने टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर बाबा लुंगी नेसून चहा पीत बसलेले! मी त्यांच्या गळ्यात पडले आणि तू हसत म्हणालीस, "झकास केलंस आज."

मग दर रडक्या सीनला तेच. खोटं आहे हे कळत असूनही रडू यायचं. आज खरंच गेले असतील तर? आणि तू सगळीकडे सांगत सुटलीस, "आमच्या वैशूला ग्लिसरीन लागत नाही."

मी सतरा वर्षांची असताना एकदा तू मेकअप रूममध्ये आलीस आणि तेच वाक्य म्हणालीस. मी आरशात बघत विचारलं, "सीन कुठला?"

तू रडत होतीस. मला वाटलं, आता हीपण अॅक्टिंग करायला लागली! मी शॉट देऊन आले, मग कळलं. याची माफी तुला नाही, आई.

आज मालिकेत माझी आई मेली. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "दादा, ग्लिसरीन द्या." मेकअपदादांनी दोनदा विचारून बाटली दिली. तुझी एवढ्या वर्षांची फुशारकी गेली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझ्या मुलीचं काम करणारी एक चिमुरडी आहे. तिची आई जवळ येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या आई कानात काय सांगायच्या हो? ही रडतच नाही." मी सांगितलं. सगळं, बाबांसकट. बाई पांढरीफटक पडली. मग दिग्दर्शकाला म्हटलं, पोरीला रडवू नका, शॉटमध्ये पाठमोरी घ्या, नाहीतर मी चालले. घेतली.

वचन देते तुला. जो कोणी माझ्या रडण्याचं कौतुक करील, त्याला हीच गोष्ट ऐकवीन, तुझ्या नावासकट. आणि तुझ्यासाठी रडायची वेळ आलीच, तर बाटली आता पर्समध्येच आहे.

तुझी,
वैशाली