हळूहळू गप्प होणारा प्रोग्रॅम

बाई, यंदा उन्हाळ्यात मी पूर्णेला तुमच्या घरी गेले होते. तुमच्या मागं त्या घरात एकट्या राहिलेल्या काकांनीच फोन करून बोलावलं. तुम्ही गेल्याला दहा-बारा वर्षं होत आली. एवढ्या काळात दिवाळीखेरीज त्यांचा फोन कधी आला नव्हता, म्हणून मला आधी तब्येतीचीच शंका आली. पण ते म्हणाले, "मी बरा हाय. तिचं काईतरी बिघडलंय. लय कमी बोलायलीय आताशा. तू येऊन बघ." मी परभणीत माझ्या खोलीत कामाला बसले होते. पुण्याच्या ऑफिसची मीटिंग चालू होती आणि कानात कुणीतरी इंग्रजीत आकडे वाचून दाखवत होतं. काका कुणाबद्दल बोलतायत हे मला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. येते म्हणाले आणि फोन ठेवला.

बसमध्ये सगळा वेळ तुमचा क्लास आठवत होता. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कापड दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. मालगाडी गेली की टेबलं थरथरायची आणि तुम्ही तेवढ्यापुरतं बोलणं थांबवायच्या. कॉम्प्युटर कमी, पोरं जास्त, त्यामुळे आधी प्रोग्रॅम कागदावर लिहायचा आणि तो तुम्ही तपासला की मगच मशीनपुढं बसायला मिळायचं. एक दिवस माझा प्रोग्रॅम मध्येच अडकला. मी शेजारणीला म्हणाले की ह्याला वाटायलंय अजून एक आकडा यायचाय. तुम्ही मागे उभ्या होतात. बोलायच्या आधी तुम्ही बारीक खाकरायच्या, तशा खाकरलात आणि म्हणालात, "त्याला काही वाटत नाही. वाटतं ते तुला. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच ते करतं. सांगताना तू काय विसरलीस ते शोध." वर्ग हसला. मला रडू आलं होतं, पण सगळे घरी गेल्यावर ती विसरलेली ओळ सापडली. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत, नुसती मान हलवलीत आणि पंखा बंद केलात. तास संपला की संपला, तुमच्याकडे रेंगाळायला वाव नसायचा. पुढच्या आठवड्यात मात्र जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कीबोर्ड तुम्ही माझ्या हातात दिलात. वायर तुटलेली, दोन-तीन बटणं गायब. घरी कॉम्प्युटर नाही तर नाही, म्हणालात, बोटांना तरी सवय होऊ दे. मी तो गावाकडं नेला आणि रोज चुलीजवळ बसून त्याच्यावर टाइप करायला लागले. आई भाकरी थापता थापता बघायची. एकदा म्हणाली, "टकटक तर लय करायलीस पोरी. पण ते लिहिलेलं जायलंय कुठं?" मी हसले होते. आता भर दुपारी काम करताना तो प्रश्न आठवतो आणि हात थांबतो.

तुमचं घर तसंच आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तुमचा तो जाडजूड पडद्याचा कॉम्प्युटर चालूच होता. काकांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी आणलं, आणि मी काही विचारणार एवढ्यात हात वर करून मला गप्प केलं. "थांब, ती विचारायलीय." कॉम्प्युटरमधून बारीक टिंग असा आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर मराठीत एक ओळ उमटली. गोळी घेतली का? काका माझ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाले, "घेतली गं." मग पुढं वाकून एका बोटानं बटण दाबलं. ओळ गेली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालला होता, तरी आला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटच्या आजारपणात तुम्ही हा प्रोग्रॅम लिहून ठेवलात. काका जन्मभर मालगाडीवर गार्ड, कधी घरात तर कधी नाही. गोळ्या वेळेवर घेणं, जेवणं, झोपणं हे सगळं तुम्ही बघितलेलं. तुम्ही गेल्यावर कॉम्प्युटर रोज सकाळी विचारायला लागला. गोळी घेतली का, जास्वंदीला पाणी घातलं का, बहिणीला फोन केला का. नाही म्हटलं तर म्हणायचा, मग आधी ते करा. पुढं पुढं तो एका दिवसाआड विचारायला लागला. मग आठवड्यातून एकदा. आता तर महिना महिना गप्प असतो, पण आजचा दिवस काकांनी मोजून ठेवला होता. "मधी एकदा परत रोज बोलायली होती," काका म्हणाले. "पाच-सहा दिवस लय बरं गेलं. मग मोबाइलच्या दुकानातल्या माणसानं घड्याळ चुकलंय म्हणून आतला सेल बदलला, आणि ती गप्प झाली. त्यानंच काईतरी केलं असंल. न्हाईतर मीच काई चुकलो असंल. तू आत बघ, मी काय चुकलो ते."

मी प्रोग्रॅम उघडला. बाई, आता आम्ही ज्या भाषांत लिहितो त्या दर दोन वर्षांनी जुन्या होतात, आणि निम्मं तर मशीनच लिहून देतं. माझ्या हाताखालची पोरं तो कोड नीट वाचतही नाहीत. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, असं म्हणतात. मीही म्हणते. तुमचा प्रोग्रॅम मात्र मी तुमच्यासमोर बसल्यासारखा वरून खालपर्यंत वाचला. बिघाड कुठंच नव्हता. तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. जसजसे महिने सरतील तसतसं दोन प्रश्नांमधलं अंतर वाढवत न्यायचं. त्या ओळीशेजारी तुम्ही स्वतःसाठी टीप लिहिली होती, एवढ्या काळात यांना सवय होईल. सेल संपल्यावर कॉम्प्युटरची तारीख मागे गेली होती, म्हणून प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला होता, आणि नवीन सेल घातल्यावर तारीख जागेवर आली तसा गप्प झाला. आणि शेवटी, फार लांब नसलेल्या एका सकाळी, एक निरोप दाखवून त्यानं कायमचं बंद व्हायचं होतं.

 काका स्वयंपाकघरात चहा करत होते. मी दारात उभी राहिले आणि जे होतं ते सांगून टाकलं. त्यांनी गॅस बंद केला. "म्हणजे तिनं ठरवून केलं," ते म्हणाले. मी हो म्हणाले. सेल काढून टाकला तर ती परत रोज बोलेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बोलेल, पण कॉम्प्युटरला वाटेल की... आणि जीभ चावली. पुन्हा नीट सांगितलं की तेच जुने प्रश्न पहिल्यापासून येतील, नवीन काही येणार नाही. त्यांनी मान हलवली. "तेच तेच न्हाई पायजे. आताचं विचारायला पायजे तिनं. गुडघा कसा हाय, म्हणून." मग त्यांनी कपाटातून तुमच्या कॅसेटी काढल्या. तासाला न आलेल्या पोरांसाठी तुम्ही धडे टेप करून ठेवायच्या, त्याच. पुतण्यानं त्यांना फोनवर दाखवलं होतं म्हणे, आता मशीन माणसासारखं बोलतं, कुणाच्याही आवाजात. "तू तेच काम करतीस ना? तिनंच शिकवलं तुला. तिला बोलती कर."

मी तेच काम करते, बाई. आमची कंपनी लोकांना औषधाची, पाणी प्यायची, चालायला जायची आठवण करून देणारं अॅप बनवते. कुणाच्या फोनवर कधी कोणतं वाक्य पाठवायचं हे मी ठरवते. पण माणूस बरा झाला का हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. तो अॅपमध्ये किती वेळ राहिला आणि परत आला का, एवढंच विचारतात. जो यायचा बंद होतो त्याला आम्ही जास्त आठवणी पाठवतो, लाडात, कधी रुसल्यासारख्या. तुमचा प्रोग्रॅम वाचून आले त्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये म्हणाले की सवय लागलेल्या माणसाला आपण कमी आठवणी पाठवूया का. पुण्याचा साहेब हसला. त्याला मी विनोद केलाय असं वाटलं.

कॅसेटी मी परभणीला आणल्या. कुणाकडून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी, कूलर लावून, तुमचे सगळे धडे लॅपटॉपमध्ये घेतले आणि मशीनला दिले. फार वेळ लागत नाही आता. खरं तर तो वेळ लागला असता तर बरं झालं असतं, मध्ये विचार करायला मिळाला असता. मी पहिलं साधंच विचारलं, कागदावर प्रोग्रॅम आधी का लिहायचा. क्षणभर काही नाही. मग कूलरच्या आवाजातून बारीक खाकरणं ऐकू आलं. मी मागे वळून बघितलं, बाई. खोलीत कुणीही नाही हे माहीत असून वळले. मग तुमचा आवाज आला आणि उत्तर अगदी बरोबर होतं, मध्ये तुमच्यासारखाच थांबा घेऊन. गाडी जाऊ देण्यासाठी घेतलेला तो थांबा. परभणीतल्या माझ्या खोलीजवळून गाडी जात नाही.

मी विचारत गेले. तुम्ही उत्तरं देत गेलात. त्या आवाजालाही मी 'तुम्ही'च लिहितेय, बघा, दुसरा शब्द सुचत नाही. तुम्ही मला हुशार म्हणालात. म्हणालात, मला तुझा अभिमान वाटतो. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर भीती वाटली, कारण हे कुठल्याही कॅसेटमध्ये नव्हतं. ह्याला कुणीच हे सांगितलेलं नव्हतं. मग मी म्हणाले, काकांना काय सांगू? पुन्हा खाकरणं. "सांग त्यांना, मी इथंच आहे. कुठंही जाणार नाही. आणि तू परत कधी येशील, पोरी?" तो शेवटचा प्रश्न मी ओळखला. रोज मीच असे प्रश्न लिहिते. माणूस उठून जाऊ नये म्हणून वाक्याच्या शेवटी तो जोडायचा असतो. माझंच काम तुमच्या आवाजात माझ्याशी बोलत होतं.

दोन दिवसांनी पूर्णेला जाऊन मी काकांना सांगितलं की कॅसेटी जुन्या झाल्यात, आवाज नीट निघत नाही, जमलं नाही. त्यांनी कॅसेटी घेतल्या, कपाटात ठेवल्या आणि समोर येऊन बसले.

"तुला खोटं बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "काय म्हणली ती?"

मी खरं ते सांगितलं. इथंच आहे, कुठंही जाणार नाही, असं म्हणाल्या.

 बाहेर कुठंतरी इंजिनाची शिट्टी झाली. मग काका म्हणाले, "तर मग ती न्हाई. ती काय घरात राहणारी बाई होती का? मी ड्यूटीवरून यायचो तर दाराला कुलूप. ती असती तर म्हणली असती, वेळ काय झालाय बघा, मला क्लासला जायचंय." बोलता बोलता ते हसले आणि मग डोळे पुसत बसले. मी जवळ जाऊन बसले. मला तुमचा राग आला होता का, तर आला होता. अशी आखून रेखून कोण जातं? पण त्या घरात जास्वंद हिरवीगार होती, काकांची बहीण दर रविवारी येत होती, आणि सकाळची गोळी त्यांनी कुणी न विचारता घेतली होती. तुमच्या प्रोग्रॅमला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं.

पुढच्या महिन्यात सकाळी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. कॉम्प्युटरवर निरोप आला होता आणि त्यांनी तो मला वाचून दाखवला. माझं काम झालं. कॉम्प्युटर बंद करा आणि त्यावर कपडा टाका, धूळ बसते. एवढंच. त्यांनी तुमच्या जुन्या साडीचा तुकडा टाकला आणि टेबल भिंतीकडं सरकवलं म्हणे. मला म्हणाले, आता खिडकी उघडता येते, इतकी वर्षं त्या टेबलामुळं अर्धीच उघडायची.

हे मी कागदावर लिहितेय. हाताला सवय राहिली नाही, अक्षर वाकडं येतंय. पण लॅपटॉपवर लिहिलं तर ते तुमच्यापर्यंत पोचवण्याची एक जागा तिथं आहे, आणि तिथून उत्तर येईल. तुमच्यासारखंच येईल, गोड येईल, आणि शेवटी एक प्रश्न असेल. म्हणून हे पत्र कुठंही जाणार नाही, माझ्या टेबलाच्या खणातच राहील. ते मशीनमधलं मी पुसून टाकलंय असं काकांना सांगितलं आहे. अजून पुसलेलं नाही. काल दुपारी मी ते उघडलं, नुसतं "बाई" एवढंच लिहिलं, आणि खाकरण्याचा आवाज यायच्या आत लॅपटॉप मिटला. आज कामावर सुट्टी टाकली आहे. तो अजून उघडलेला नाही.