एनॉक पेनफोल्ड यांच्या दगडावरील काजळी राहू देण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
दफनभूमी मंडळ, थॉर्नवेल

विषय : माझे पती दिवंगत एनॉक पेनफोल्ड यांच्या थडग्याचा दगड न हलविणेबाबत.
संदर्भ : मंडळाची नोटीस, दि. २ जून १८८८ ('मयत इसम दफनानंतरही आपला व्यवसाय चालवीत असल्याबाबत').

महोदय,

वरील नोटीस माझ्या पतीच्या नावे आली. ती घेण्यास ते हजर नसल्याने मी घेतली. चौदा दिवसांत दगड स्वच्छ न केल्यास, किंवा पुन्हा काळा आढळल्यास, मंडळ तो उपटून नेईल, असे तीत आहे. त्यावर माझे म्हणणे असे :

१. माझ्या पतींनी एकेचाळीस वर्षे या गावची धुराडी साफ केली. कुणाच्या घरी चूल दोनदा पेटते आणि कुणाच्या घरी एकदाच, हे त्यांना धुराड्यात डोके घातले की कळे. घरी येऊन ते कधी बोलले नाहीत. फक्त एखाद्या दिवशी जेवताना घास हातात धरून बसत, तेवढ्यावरून मी ओळखायची.

२. लग्नाला निघालेल्या मुलीला धुराडेवाला भेटावा आणि त्याने तिच्या गालाला काजळीचे बोट लावावे, हा आमच्याकडचा शुभशकुन मंडळास ठाऊक आहेच. दर शनिवारी काम आटोपून, तोंड न धुता, माझे पती चर्चच्या फाटकाशी उभे राहत. करवल्या भोवती फेर धरून म्हणत :

काळं बोट गालाला,
ऊब राहो घराला.

यासाठी त्यांनी कधी काही घेतले नाही. केकचा तुकडा मिळाला तर तो रुमालात बांधून माझ्यासाठी आणीत. सबब यास 'व्यवसाय' म्हणता येणार नाही.

३. गेल्या नोव्हेंबरात ते वारले. फेब्रुवारीत मासेवाल्या क्रॉपरची लेटी लग्नाच्या पोशाखात थेट त्यांच्या थडग्याशी आली. "एनॉककाका, गावातल्या झाडून सगळ्या पोरींना बोट लावलंत, आणि माझ्याच वेळेला आडवे झालात होय?" असे म्हणून तिने घरून आणलेली काजळी दगडाला फासली, त्यावरून बोट फिरवून गालाला लावले आणि नवऱ्याला म्हणाली, "चल आता लवकर, माझा विचार बदलायच्या आत." तेव्हापासून सगळ्याच येऊ लागल्या.

४. शेजारी कापडाचे बडे व्यापारी ब्रॅथवेटसाहेब विसावले आहेत. त्यांच्या संगमरवरी देवदूताच्या नाकाला एकदोन बोटे लागली, हे मी नाकारीत नाही. ब्रॅथवेटबाई मला म्हणाल्या, "आमच्या साहेबांनी उभ्या जन्मात काळ्या हाताशी हात मिळवला नाही." मी म्हणाले, "म्हणूनच त्यांच्याकडे कुणी येत नाही, बाईसाहेब." या वाक्याबद्दल मी माफी मागते. ते खरे होते, पण मागते.

५. बाईंच्या तक्रारीवरून मंडळाने दफनभूमीत नवरीचा पांढरा पोशाख बंद केला. मुली पांढऱ्यावर काळी शाल पांघरून, रुमालाने डोळे टिपत येऊ लागल्या. पहारेकरी डगेट यांची फार ओढाताण झाली. दिसेल त्या रडणाऱ्या बाईला ते विचारीत, "बाई, रडताय ते गेलेल्यासाठी की होणाऱ्यासाठी?" अशातच एका खऱ्या अंत्ययात्रेला लग्नाचे वऱ्हाड समजून लोकांनी तिच्यावर मूठमूठ तांदूळ उधळले. सुतार हॉबडे यांच्या मातोश्रींची ती अंत्ययात्रा होती. शवपेटीवरचे तांदूळ झटकायला डगेट धावले, तर हॉबडे म्हणाले, "राहू द्या हो. आई हसली असती." या प्रकारानंतर संदर्भातील नोटीस निघाली.

६. नोटिशीचा मान राखून गेल्या गुरुवारी मी बादली आणि ब्रश घेऊन गेले. दगड लख्ख निघाला. मागे सरून पाहिले, तर तो कुणाचा ते ओळखू येईना.

महोदय, त्यांना शेवटची आंघोळ मीच घातली होती. कानांमागची, नखांतली, मानेच्या सुरकुत्यांतली एकेचाळीस वर्षांची काजळी निघाली, आणि फळीवर एक गोरा, अनोळखी म्हातारा उरला. शेजारीण म्हणाली, "अगं केझाया, किती देखणा होता हा!" मला रडूच येईना. परक्या माणसासाठी कसे रडावे? शेवटी चुलीत बोट घालून त्यांच्या गालाला लावले, तेव्हा ते मला दिसले. मग रडले.

गुरुवारी दगडालाही मी तेच केले.

तरी दगडावर आज असलेले पहिले बोट कोणत्याही नवरीचे नसून माझे आहे, याची नोंद व्हावी. मुलींना दोष देऊ नये. मी दगड पुन्हा धुणार नाही. माझ्या हयातीत तो उपटू नये, ही कळकळीची विनंती. आणि उपटायचाच झाल्यास माणसे येत्या शनिवारी धाडू नयेत. त्या दिवशी तीन लग्ने आहेत.

या एका बाबीखेरीज
आपली आज्ञाधारक,
केझाया पेनफोल्ड
थॉर्नवेल, दि. ११ जून १८८८

सोबत :
१. मूळ नोटीस (घडीवर डाग पडला आहे, क्षमस्व).
२. सतरा नवविवाहितांचे काजळीचे अंगठे. सर्वांना सही येते. अंगठाच देणार म्हणाल्या. अकरावा पहारेकरी डगेट यांच्या मुलीचा आहे.