तुमच्या आईच्या नावाचा कोळी

सर, तुमचा कोळी आता तुमचा राहिला नाही, हे आधीच सांगून टाकते. आडवळणानं बोलायची सवय मला तुम्ही असताना नव्हती, आता कशाला लावून घेऊ?

तो सापडला त्या सकाळी मी तुमच्या शेजारीच होते. सोलापूरबाहेरचा माळ, नऊ वाजताच टाळू तापलेली, आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशनं ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका मातकट कोळ्याला डबीत ढकलताय. तो पुढचे दोन मोठे डोळे रोखून तुमच्याकडेच बघतोय. जाळं न विणता उडी मारून शिकार धरणारे हे इवले कोळी, त्यांचं अख्खं कुळ तुम्हाला तोंडपाठ. "ह्यो येगळा हाय गं," तुम्ही म्हणालात. एरवी शुद्ध बोलणारे तुम्ही, आनंद झाला की थेट तुमच्या वैराग गावचे व्हायचात. मी म्हटलं, पिल्लू असेल एखादं. तर केवढ्यांदा ओरडलात! "भिंगाखाली बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." भिंगाखाली बघितलं. पूर्ण वाढलेली मादी निघाली. पुढं जेवढे मिळाले त्या सगळ्या माद्याच. नर काही मिळाला नाही, पण अशी मादी आजवर कुणी नोंदवली नव्हती, म्हणून तुम्ही नवी जात जाहीर केलीत आणि तिला आईचं नाव दिलंत. आईचं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ते बदललं आणि पुन्हा कुणी तिला त्या नावानं हाक मारली नाही, तुम्हालासुद्धा ते तिच्या शेवटच्या आजारपणात कळलं. हे सगळं तुम्ही मला प्रयोगशाळेत कडक भाकरी मोडता मोडता सांगितलंत. "माणसाचं नाव असं पुसतात होय गं?" म्हणालात आणि तुमचे डोळे भरून आले. मला अवघडल्यासारखं झालं. मी शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला.

या उन्हाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं तुमच्या कोळ्याची अंडी काचेच्या बाटल्यांत वाढवली. पिल्लं कात टाकत मोठी झाली. माद्या तुमच्या मादीसारख्याच मातकट झाल्या. नर मात्र काळेभोर, कपाळावर पांढरा पट्टा, पुढचे पाय उचलून नाचणारे. तो नर आम्हाला माहीत होता. तुमच्या कितीतरी आधी कुणीतरी त्याला वेगळी जात म्हणून नाव देऊन ठेवलं होतं, आणि त्या माणसाला कधी मादी मिळाली नव्हती. म्हणजे दोन जाती नव्हत्याच सर, एकाच जातीचे नर-मादी होते. नर एका रंगाचा, मादी दुसऱ्याच रंगाची असली, की आमच्या कामात ही चूक व्हायचीच. आणि नियम तुम्हीच शिकवलेला: आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं. तिचा नवरा सापडला आणि तुमच्या आईचं माहेरचं नाव दुसऱ्यांदा गेलं.

पेपर लिहून तयार होता. "मॅडम, धाडायचा का? सरांनी शोधलेली ही एकच जात की," पोरगी म्हणाली. तिच्यावर उगाच डाफरले आणि पेपर तसाच ठेवून दिला. चार दिवस काही सुचेना. शेवटी म्हटलं, काकूंना आधी सांगू, त्यांनी बाहेरून ऐकायला नको. तुमच्या घरी गेले तर काकू गवार मोडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या रडतील असं वाटलेलं, त्या हसल्या.

"मग दे की धाडून. खरं ते खरं. त्यांना तरी खोटं कुटं चालायचं?" दोन शेंगा मोडल्या आणि मग म्हणाल्या, "सासूबाईंच्या नावापायी हे लई हळहळायचे बघ. आन् माझं नाव कुणी बदललं? ह्यांनीच की! भर मांडवात, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं. मला इचारलंसुद्धा न्हाय."

आवाजात राग नव्हता, भाजीवाल्यानं जास्तीचे पैसे घेतले असं सांगावं तितकंच. राग मला आला. सर, तुमचा आला. इतकी वर्षं त्या घरात मी जेवले, आणि काकूंचं आधीचं काही नाव असेल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं, काय होतं? त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं, मग सांगितलं. आणि म्हणाल्या, "एकदा हाक मार बघू."

मी मारली. काकूंनी 'ओ' दिली.

घरी येऊन पेपर पाठवून दिला. हे पत्र कुठं पाठवणार? पण खरं सांगू, तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. पाठवलं असतं तर तुम्ही काकूंचं आधीचं नाव, जे तुम्ही केव्हाच विसरला असणार, मला विचारलं असतं, आणि ते तुम्हाला सांगायची माझी इच्छा नाही.